धागा: नवशिक्यांच्या रोइंग शर्यतीची तयारी सांगलीत बसून कशी करावी?

हळदपेठ
भाचीला केंब्रिजला पदव्युत्तर प्रवेश मिळालाय. सप्टेंबरअखेर निघेल. कॉलेजच्या बोट क्लबात नाव घालायचं हे तिनं आत्ताच ठरवून टाकलंय. ऑक्टोबरात पहिल्यांदा बोटीत बसायचं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आठ जणांच्या बोटीतून नवशिक्यांच्या शर्यतीत उतरायचं, म्हणजे हातात जेमतेम आठ आठवडे. पोहायला चांगलं येतं. कयाक थोडंफार चालवता येतं. उंची ५ फूट ३ इंच, वजन ४९ किलो. तीन प्रश्न आहेत. इथल्या दोन महिन्यांत काय करून ठेवावं? कयाकचा तिकडे उपयोग होईल का? आणि चण लहान म्हणून तिला वल्हं न देता कॉक्स (सुकाणू धरून बोटीला हुकूम देणारा) करतील का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

घाटपायरी
अभिनंदन कळवा तिला! पहिलं सांगणं हेच की आत्ता सरावाच्या नावाखाली नदीत उतरू देऊ नका. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, पण ते आकडे काठावरच्या वस्तीसाठी आहेत. होडीतल्या माणसाला त्याच्या कितीतरी आधी धोका असतो. कोयनेचा विसर्ग वाढला की पाण्याला ओढ येते, उन्मळलेली झाडं अर्धी बुडालेली वाहत येतात, आणि माईघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या की काठाला लागायला जागाच उरत नाही. मगरी आहेत त्या वेगळ्याच. पोहायचा सराव तलावात करा.

रिगर
हळदपेठ, रोइंग मशीन असलेली व्यायामशाळा शोधा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. पण मशीनवर बसून नुसतं ओढत सुटलं तर चुकीची सवय लागते आणि मग तिथले प्रशिक्षक पहिले तीन आठवडे ती मोडण्यात घालवतात. म्हणून थोडं लांबण लावतो.

ओढायचा क्रम: पाय, पाठ, हात. परत येतानाचा क्रम बरोबर उलटा: हात, पाठ, पाय. ओढताना आधी फक्त पायांनी पाट ढकलायचा, तोवर हात दोरीसारखे सरळ. पाय सरळ होत आले की पाठ कमरेतून मागे, साधारण घड्याळात अकरावरचा काटा एकवर जावा इतकीच. मग हात, मूठ खालच्या बरगड्यांपाशी. परतताना मूठ आधी गुडघ्यांच्या पुढे गेली पाहिजे, मगच गुडघे उचलायचे. मूठ गुडघ्यांवरून उडी मारून जात असेल तर समजायचं की गुडघे लवकर उठतायत. मशीनवर ही चूक खपून जाते. बोटीत मूठ उचलली की पातं पाण्याला टेकतं आणि अख्ख्या बोटीचा तोल बिघडतो.

साखळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सरळ रेषेत जाते का, ते बाजूने मोबाइलवर चित्रित करून बघा. त्यात सगळं दिसतं.

पैलवानवाडी
मशीनच्या चाकाशेजारी १ ते १० ची कळ असते. ती सरळ १० वर ठेवून रोज अर्धा तास. अंगात ताकद असल्याशिवाय आठ जणांत टिकणार नाही.

रिगर
पैलवानवाडी, नाही हो, इथेच बहुतेक जण फसतात. ती कळ म्हणजे वजन नव्हे. तिने पंख्याच्या पेटीत किती हवा शिरू द्यायची ते ठरतं. १० वर चाक लवकर मंदावतं, म्हणजे दरवेळी जड, रुतलेली बोट ओढल्यासारखं होतं. आठ जणांची बोट तशी नसते. ती पळती असते, आणि पायांनी झटकन पकड घ्यावी लागते. कळ ३ ते ५ मध्ये ठेवा. पडद्यावर ड्रॅग फॅक्टर (चाकाला हवेचा किती अडथळा होतो त्याचा आकडा) बघायची सोय असेल तर ११० ते १२० पुरे. ४९ किलोच्या मुलीनं १० वर रोज अर्धा तास ओढलं तर कंबर धरेल, दुसरं काही पदरात पडणार नाही.

आता वेग. पडद्यावर ५०० मीटरला लागणारा वेळ दिसतो. २ मिनिटं ३० सेकंदांचा वेग म्हणजे साधारण १०४ वॅट, २ मिनिटांचा वेग म्हणजे सुमारे २०३ वॅट. वेळ फक्त ३० सेकंदांनी उतरवायला ताकद जवळपास दुप्पट लागते, कारण ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून रोज आकड्याच्या मागे धावू नये.

तिने करावं असं: आठवड्यातून चार दिवस, १० मिनिटं तीन वेळा, मधे ३ मिनिटं विश्रांती, मिनिटाला २० ओढी. २० ओढी म्हणजे एका ओढीला ३ सेकंद: एक ओढायला, दोन परत यायला. हे दोन सेकंद धीराने काढणं नवशिक्याला सगळ्यात अवघड जातं, आणि बोटीत सगळ्यात जास्त कामाला येतं तेच. बसलेले आठही जण पायपाटीकडे सरकून थांबतात तेव्हा त्यांच्या वजनाने बोट मागे ढकलली जाते. धावत सरकलात तर बोटीला लगाम बसतो.

पैलवानवाडी
मान्य. वॅटचा हिशेब नवा होता. ताकदीबद्दल मात्र ठाम आहे: बैठका आणि पाठीचे व्यायाम हवेतच.

रिगर
त्यावर दुमत नाही. बैठका, प्लँक आणि मांडीच्या मागच्या शिरांचा ताण. शिरा आखडलेल्या असतील तर पुढे वाकताना कमरेऐवजी पाठीचा मणका गोल होतो आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. पाय लांब करून बसून, पाठ सरळ ठेवून बोटांनी घोटा गाठता येईल इतकं झालं तरी पुरे.

संगमावरची
कयाकच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहिते.

उपयोग होईल, पण जरा अडचणही होईल. कयाकमध्ये तोंड पुढे, वल्हं सुटं, दोन्ही हातांत, आणि जोर धडाच्या वळणातून येतो. रोइंगमध्ये पाठ पुढच्या दिशेला, वल्हं बोटीच्या कडेला रिगरच्या (बाहेर काढलेल्या धातूच्या चौकटीच्या) गेटमध्ये (वल्हं धरणाऱ्या खाचेत) अडकवलेलं, बूट पायपाटीला जखडलेले, बैठक चाकांवर सरकती आणि जोर पायांचा. आठ जणांच्या बोटीत प्रत्येकाला एकच वल्हं, साधारण पावणेचार मीटर लांब. चार जण एका बाजूचे, चार दुसऱ्या. कयाकची सवय असलेली माणसं हातांनी ओढू बघतात, आणि हात पहिल्या पाच मिनिटांत संपतात.

फायदा एवढाच की पाण्याची भीती नसते आणि बोट डुलली की अंग ताठ होत नाही. हा फायदा लहान समजू नका. १७-१८ मीटर लांब बोट आणि रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढी. एकाने घाबरून डावीकडे अंग टाकलं की उजवीकडच्या चौघांची पाती पाण्यापासून उचलली जातात. तोल अंगाने सावरायचा नाही, मुठीच्या उंचीने सावरायचा. बोट तुमच्या बाजूला कलली तर मूठ किंचित वर. कयाकवाल्यांना हे उलटं वाटतं, पण आठवड्याभरात बसतं.

वाईचा_घाट
जागतिक पातळीवर रोइंगमध्ये गेलेला आपला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातला. दुष्काळी भाग. सैन्यात भरती झाल्यावर वल्हं हातात आलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये (एकट्याने दोन वल्ही मारायची बोट) तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कलमध्ये सुवर्ण. लहानपणापासून नदीकाठी असावंच लागतं असं नाही, एवढ्यासाठी लिहिलं.

घाटपायरी
वाईचा_घाट, अगदी. आणि पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मुळेवर बोट क्लब आहे, तिथली रेगाटा (बोटींचा सोहळा) प्रसिद्ध आहे. ओळखीतून एक दिवस खऱ्या बोटी बघता आल्या तर बघाव्यात. रिगर, गेट, सरकती बैठक नुसती डोळ्यांखालून गेली तरी तिकडे पहिल्या दिवशी बावरायला होत नाही.

सुकाणूधर
तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. होय, ४९ किलो म्हटल्यावर कॉक्सची जागा पहिल्याच दिवशी पुढे केली जाईल. जागतिक नियमांत कॉक्सचं किमान वजन ५५ किलो आहे. जितकं कमी असेल तितक्या वजनाची पिशवी बोटीत ठेवतात. कॉलेजच्या नवशिक्या शर्यतीत इतकं काटेकोर नसतं, पण हलका कॉक्स सगळ्यांनाच हवा असतो.

तिला वल्हंच मारायचं असेल तर तसं स्पष्ट सांगावं, कोणी जबरदस्ती करत नाही. पण कॉक्सचं काम दुय्यम समजून नाही म्हणू नये. आठ जण मागे बघत बसलेले असतात. नदी दिसते ती एकट्या कॉक्सला.

सुकाणूचं पातं तळहाताएवढं असतं आणि बोट १७ मीटरपेक्षा लांब. तार ओढली की लगेच काही होत नाही. एक-दोन ओढी जातात, मग शेपूट बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि त्यानंतर टोक वळतं. नवा कॉक्स काहीच झालं नाही असं समजून आणखी ओढतो आणि बोट काठात घुसवतो. थोडं ओढायचं, थांबायचं, बघायचं. पाती पाण्यात असतानाच सुकाणू लावायचा. पाती बाहेर असताना लावला तर तोल जातो. आणि बोटीच्या टोकाकडे बघत बसायचं नाही, नजर पुढच्या वळणावर हवी.

केंब्रिजची कॅम नदी अरुंद आणि वळणांची आहे. म्हणून तिथे दोन बोटी शेजारी लावून मोठ्या शर्यती घेता येत नाहीत.

हळदपेठ
मग शर्यत लावतात कशी?

सुकाणूधर
डिसेंबरातली नवशिक्यांची शर्यत घड्याळाविरुद्ध असते. बोटी थोड्या थोड्या अंतराने सोडतात आणि प्रत्येकीचा वेळ मोजतात. निघताना बोट आधीच चालती असते, रेषा ओलांडली की घड्याळ सुरू.

केंब्रिजची खरी ओळख म्हणजे बम्प्स. बोटी एकामागे एक, मधे दीड बोटीएवढं अंतर. कॉक्सच्या हातात काठाला बांधलेल्या साखळीचं टोक. चार मिनिटं आधी तोफेचा बार, एक मिनिट आधी दुसरा, तिसऱ्या बाराला साखळी सोडायची. पुढच्या बोटीला मागच्या बोटीने गाठून शिवायचं. शिवलं की दोघींनी बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल. असे चार दिवस. शिवणाऱ्या बोटीची माणसं डोक्यात झाडाचा पाला खोवून परततात. एक शर्यत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दुसरीला नाव मे बम्प्स पण होते जूनमध्ये. ऑक्सफर्डलाही हीच रीत.

संगमावरची
हे वर्णन भाचीला वाचून दाखवा, ती आजच बॅग भरायला घेईल! :)

मिरजमळा
खेकड्याबद्दल कोणीच बोललं नाही का? नवशिक्याची शर्यत बुडते ती त्यानेच.

रिगर
मिरजमळा, बरं झालं आठवण केलीत.

खेकडा पकडला म्हणजे पातं पाण्यात अडकून बसलं. कारणं दोन. एक, पातं पाण्यात जाताना उभं नसतं, तिरकं असतं, त्यामुळे सुरीसारखं खोल कापत जातं. दुसरं, ओढ संपल्यावर पातं पाण्याबाहेर यायच्या आत मनगट वळवलं जातं. बोट पळत असते, पातं पाण्यात रुतलेलं असतं, मग मूठ उलटी फिरून पोटावर किंवा छातीवर आपटते. वेग जास्त असेल तर माणूस जागेवरून उचलला जातो.

टाळायचं कसं: परतताना मूठ घोट्यांवर पोचायच्या आत पातं उभं झालेलं असावं. मूठ घट्ट आवळू नये. बाहेरचा हात मुठीच्या टोकाला, ओढणारा तो. आतला हात त्यापासून साधारण दोन मुठींच्या अंतरावर, पातं फिरवणारा तो. दोन्ही हातांनी फिरवायला गेलं की गोंधळ. आणि ओढ संपल्यावर आधी मूठ खाली दाबून पातं सरळ बाहेर काढायचं, मग वळवायचं. या दोन कृतींमध्ये अगदी निमिषाचं अंतर असतं, तरी ते असलंच पाहिजे.

पकडला गेलाच तर मुठीशी झुंजू नये. मागे आडवं व्हायचं आणि मूठ डोक्यावरून जाऊ द्यायची. बोट थोडी मंदावली की मूठ पुन्हा ओढून घ्यायची. बाकी सातांनी मागे वळून बघायचं नाही, कॉक्स सांगेल तेच करायचं. नवशिक्यांच्या शर्यतीत एका खेकड्याने पाच-दहा सेकंद जातात, सगळे बघत बसले तर अर्धा मिनिट.

पैलवानवाडी
म्हणजे ताकदवान आठ जणांपेक्षा खेकडा न पकडणारे आठ जण पुढे जातील?

रिगर
आठ आठवड्यांच्या तयारीत, हो. एकाच क्षणी पाती पाण्यात जाणं आणि एकाच क्षणी बाहेर येणं, एवढं जमलं तरी नवशिक्या बोटींत वरचा क्रमांक लागतो. मिनिटाला ३६ ओढी मारायचा हट्ट धरू नये. २८ ते ३० वर आठही जण एकत्र राहत असतील तर तिथेच राहावं. नवख्या बोटी सुरुवातीच्या वीस ओढींत उधळतात आणि मग उरलेलं अंतर तोल सावरण्यात जातं.

कवठेकर_काकू
हाताला फोड येतात म्हणे. आपली सांगलीची हळद आणि तूप लावून पाठवावी का डबीत?

संगमावरची
काकू, हळद घरच्या जेवणासाठी नक्की पाठवा. फोडाला मात्र तूप नको, मूठ निसटते. फोड फोडू नये, वरची कातडी ओढून काढू नये. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे आणि बोटीत जाताना झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी गुंडाळायची. हातमोजे वापरत नाहीत, मुठीचा अंदाज येत नाही. तीन-चार आठवड्यांत घट्टे पडतात. फोड फार येत असतील तर त्याचा अर्थ मूठ गरजेपेक्षा आवळली जातेय.

कवठेकर_काकू
बरं. आणि बोट उलटली तर? थंडी केवढी असेल तिथे.

घाटपायरी
काकू, आठ जणांची बोट सहसा उलटत नाही, लहान बोटी उलटतात. पण क्लब आधी पोहण्याची चाचणी घेतात: साधारण अंगावरच्या हलक्या कपड्यांनिशी ५० मीटर, दोन मिनिटं जागेवर तरंगणं, थोडं पाण्याखालून. म्हणून इथल्या तलावात टी-शर्ट आणि लेगिंग घालून एकदा तरी पोहायचा सराव करावा. ओल्या कपड्यांचं वजन आधी माहीत असलेलं बरं.

पाण्यात पडलंच तर नियम एक: बोट सोडायची नाही. काठ जवळ दिसला तरी पोहत सुटायचं नाही. थंड पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास धापेसारखा होतो, त्या वेळी फक्त बोटीला धरून तरंगायचं. कॉक्स पुढून क्रमांक पुकारायला लावतो, प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. पाय बुटांत अडकू नयेत म्हणून बुटांच्या टाचा छोट्या दोरीने पाटाला बांधलेल्या असतात. टाच जरा उचलली की दोरी ताणते आणि पाय आपोआप सुटतो. बसल्याबरोबर दोन्ही टाचा उचलून ती दोरी तपासायची.

आणि ती कॉक्स झाली व बोट पुढे आडवं झोपून चालवायची असेल तर जीवरक्षक जाकीट आपोआप फुगणारं नको. बोट उलटली तर ते आतच फुगतं आणि बाहेर पडता येत नाही. हाताने ओढून फुगवायचं घ्यायचं.

मिरजमळा
बोट उचलण्याबद्दलही लिहा कोणीतरी. नवशिके पाण्यात कमी आणि धक्क्यावर जास्त मोडतोड करतात.

रिगर
खरंय. आठच्या बोटीचं किमान वजन ९६ किलो, आठ जणांत काही फार नाही, पण कवच पातळ असतं. कॉक्सच्या शब्दावर सगळ्यांनी एकदम उचलायची. वळताना रिगर दाराच्या चौकटीला लागतात, त्यामुळे शेवटच्या माणसाने बाहेर पडेपर्यंत कोणी वळायचं नाही. पाण्यात ठेवताना खालची फिन (तळाला लावलेलं छोटं उभं पातं) धक्क्याच्या कडेला घासू द्यायची नाही. आत पाय टाकताना फक्त दोन रुळांमधल्या पट्टीवर. तळावर पाय पडला तर सरळ आरपार जातो. बसल्यावर आपल्या गेटचा स्क्रू घट्ट आहे का, हे स्वतः बघायचं. रिगरच्या नटांना १० आणि १३ चा पाना लागतो, तो कॉक्सजवळ असावा.

हळदपेठ
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने संपूर्ण धागा वाचला. मशीन सापडलं आहे, कळ ४ वर. तलावात टी-शर्टसकट पोहणं रविवारी. कॉक्सला ती तयार आहे, पण पहिलं सत्र वल्हंच हवंय म्हणते. सामानात काय काय घालू? भडंगाचे दोन पुडे तिच्या आईने आधीच बाजूला काढलेत.

संगमावरची
भडंग शर्यतीनंतर. शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा केळं-ब्रेड, तिखट नको.

कपडे अंगाला चिकटून बसणारे. सैल टी-शर्ट मागे सरकत्या बैठकीच्या चाकात अडकतो. लेगिंग दोन-तीन, ओल्या झाल्या की वाळत नाहीत. पातळ लोकरीचा अंतर्वस्त्रासारखा टी-शर्ट, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. जाड मोजे, कारण बोटीतले बूट सगळ्यांचे मिळून असतात. आणि पुढे पोटावर खिसा असलेली हुडी मुळीच नको. ओढ संपताना मूठ नेमकी तिथे येते, अंगठा किंवा मूठ खिशात अडकते आणि खेकडा ठरलेला.

हळदपेठ
हुडी आधीच घेऊन झालीय, तशीच खिसेवाली. खिशाची तोंडं शिवून टाकली तर?

रिगर
शिवू नका, खिसा उसवून काढा. शिवला तरी वरची कड फुगलेली राहते आणि मूठ तिथेच लागते. उसवल्यावर राहिलेले धागे बारीक कापून घ्या.